मधल्या पायऱ्या

गणपतीला मुंबई-पुण्याची माणसं रत्नागिरीत घरी आली, की पंगत उठल्यावर ओटीवर चौकशा सुरू होतात. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या घराचं काम अडलं, कोण कुठे नोकरीला लागलं. त्यात एखादी मुलगी सांगते, "मी कॉलेजात आहे, लायब्ररीत." आत्या विचारते, "म्हणजे शिकवत नाहीस?" "नाही, लायब्ररीत असते." "बरं. मग पुढे काय ठरवलंयस?"

आत्याच्या मनात काही वाकडं नसतं. पण शेवटचा प्रश्न त्या मुलीला लागतो, कारण तो तिने स्वतःलाही अनेकदा विचारलेला असतो. बी.ए. झाल्यावर तिने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली असते. लांज्याहून किंवा संगमेश्वरहून सकाळची एसटी पकडून ती कॉलेज गाठते. पदाचं नाव ग्रंथालय लिपिक, किंवा नुसतंच 'मानधनावर'. तिच्या शेजारी काउंटरवर उभा असलेला परिचर वीस-पंचवीस वर्षं तिथेच आहे. ग्रंथपाल आतल्या खोलीत आहेत. ही खोली आणि हा काउंटर यांच्यात फार तर दहा पावलांचं अंतर असतं, पण नोकरीभर चाललं तरी ते पार होईल याची खात्री नसते.

अशी मुलगी कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात आहे. तिच्या मनातली शंका घरगुती वाटते, तरी तिची मुळं घरात नाहीत. ती ग्रंथालयातल्या पदांच्या आखणीत आहेत.

रत्नागिरीला ग्रंथालय नवं नाही. इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं १८४८ चं, कोल्हापूरचं १८५० चं, सावंतवाडीचं १८५२ चं; म्हणजे राज्यातल्या जुन्या वाचनालयांमध्ये रत्नागिरीचा मान पहिला. जिल्ह्यातच चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून चालू आहे. शैक्षणिक ग्रंथालयं त्यामानाने उशिरा आली. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू झालं, दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये, शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये. वाचनालय आधी आणि कॉलेज शंभराहून अधिक वर्षांनी, असा या गावाचा क्रम आहे. पुस्तकं सांभाळणाऱ्यांच्या इतक्या पिढ्या ज्या गावाने पाहिल्या, तिथेही 'लायब्ररीत असणं' ही पुरती नोकरी वाटत नसेल, तर तो दोष त्या मुलीच्या आत्याचा खचितच नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयातली उतरंड अशी. सगळ्यात वर ग्रंथपाल. खाली सहायक ग्रंथपाल किंवा ग्रंथालय सहायक, मग लिपिक, मग परिचर. वरचं एक पद अध्यापकांच्या गटात मोडतं आणि बाकीची सगळी शिक्षकेतर सेवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयीन ग्रंथपालाची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाचीच आहे: स्तर १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. पात्रता ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी, सोबत नेट किंवा सेट, नाहीतर नियमात बसणारी पीएच.डी. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही 'शिक्षक' कोणाला म्हणावं हे सांगताना महाविद्यालयीन ग्रंथपालाचा समावेश केलेला आहे.

कागदावर हे चोख आहे. अडचण तिथून खाली सुरू होते. ग्रंथपालाचं पद जाहिरात देऊन, निवड समितीसमोर मुलाखत घेऊन थेट भरलं जातं. त्या पात्रतेच्या यादीत लिपिक किंवा सहायक म्हणून काढलेल्या वर्षांसाठी रकाना नाही. देवघेव, दाखल नोंद, वर्गीकरण, साठा पडताळणी ही कामं पंधरा वर्षं केलेली व्यक्ती आणि नुकतीच सेट झालेली व्यक्ती त्या यादीपुढे सारखीच. म्हणजे शिडी आहे, तिची वरची पायरी आहे आणि खालच्याही आहेत. मधल्या गायब आहेत.

वरच्या पायरीवरचा माणूस तरी निःशंक असतो का? तसंही दिसत नाही. कायद्याने त्याला शिक्षक म्हटलं, तरी वेळापत्रकात त्याचं नाव नसतं. त्याचे तास मोजता येत नाहीत, निकाल लावता येत नाही, 'माझ्या हाताखालून गेलेली मुलं' असं सांगायला वर्ग नसतो. अभ्यासमंडळांमध्ये, परीक्षांच्या कामात, महाविद्यालयाच्या निर्णयांत तो बऱ्याचदा कडेला राहतो. नॅकची समिती यायची असली की मात्र सगळ्यांना तो आठवतो. मूल्यांकनाचा चौथा निकष पायाभूत आणि अध्ययन सुविधांचा, आणि त्यात ग्रंथालयाचा स्वतंत्र भाग आहे. पाच वर्षांत किती पुस्तकं घेतली, त्यावर खर्च किती, रोज वापरणारे किती, ग्रंथालय संगणकीकृत आहे का. हे आकडे जमवण्यात ग्रंथपालाचे आठवडे जातात. एरवीही दरपत्रकं मागवणं, बिलं तपासणं, ग्रंथालय समितीचं इतिवृत्त लिहिणं आणि लेखापरीक्षणाच्या शंकांना उत्तरं देणं चालूच असतं.

या सगळ्याचा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, नेट-सेट झालेला ग्रंथपाल दिवसाचा मोठा भाग कारकुनी कामात घालवतो. आणि ज्या कामासाठी तो शिकला ते काम, म्हणजे वाचकाशी बोलून त्याला नेमकं काय हवं आहे हे ओळखून ते हातात देणं, काउंटरवरचा लिपिक आणि परिचर करतात. पदाच्या नावावरून कामाचा अंदाज बांधावा, तर तो दोन्हीकडे चुकतो.

त्या काउंटरवर काय चालतं हे बाहेरच्याला फारसं ठाऊक नसतं. विद्यार्थी क्वचितच पुस्तकाचं पूर्ण नाव घेऊन येतो. 'ते निळं पुस्तक, सरांनी सांगितलेलं' असं म्हणतो. 'कोळंबीवर काहीतरी' म्हणतो. त्या 'काहीतरी'तून त्याला कोळंबीची शेती हवी आहे, तिचे रोग हवे आहेत की निर्यातीचं अर्थशास्त्र, हे तीन-चार प्रश्नांत काढून घ्यावं लागतं. कारण तिन्ही पुस्तकं वेगवेगळ्या कपाटांत आहेत. ड्युईच्या दशांश पद्धतीत मत्स्यशेती ६३९.३ वर आहे, आंबा ६३४.४४ वर आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर. त्याच आकड्यापुढे १ लावला की कविता, ३ लावला की कादंबरी, ४ लावला की निबंध. वीस वर्षं पुस्तकं जागेवर लावणाऱ्या परिचराच्या बोटांना हे आकडे पाठ असतात. कुठल्या पुस्तकाची चौथी प्रत मुखपृष्ठ फाटलं म्हणून बांधणीला गेली आहे, कोणत्या सरांकडे कोणता संदर्भग्रंथ महिनोन्महिने आहे, जुन्या अभ्यासक्रमातलं कुठलं पुस्तक नव्या अभ्यासक्रमालाही चालतं, हे त्याला विचारावं. संगणकाच्या सूचीत यातलं बरंचसं नसतं.

कोकणातल्या ग्रंथालयाला आणखी एक काम लागलेलं आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला दमटपणा कागदात उतरतो, कापडी बांधणीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, कसर आणि वाळवी आपापल्या वाटा शोधतात. भिंतीपासून कपाट किती लांब ठेवायचं, कुठल्या खिडकीतून झडीचं पाणी आत येतं, उघडीप मिळाली की आधी कुठली कपाटं मोकळी करायची, हे अनुभवाने आलेलं शहाणपण आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात ग्रंथसंवर्धनाचा एक भाग असतो. पण याच इमारतीतल्या याच खिडकीचा अभ्यास तिथे राहिलेल्या माणसाकडेच मिळतो.

हे शहाणपण ज्याच्याकडे आहे त्याला ग्रंथालयात कोणतं स्थान असावं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शोधताना भारतीय ग्रंथालयशास्त्राच्या सुरुवातीकडे जावं लागतं, कारण तिथेही एक शंकाच आहे.

शियाळी रामामृत रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. शिकवणं त्यांना मनापासून आवडत होतं. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. विद्यार्थी नाहीत, फळा नाही, वाचक तुरळक. एका मोठ्या खोलीत बसून राहायचं. ते परत आपल्या प्राचार्यांकडे गेले आणि शिकवण्याची नोकरी परत मागू लागले. तोडगा असा निघाला की त्यांनी आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचं काम शिकून यावं. परत आल्यावरही मन लागलं नाही, तर गणिताची जागा त्यांची.

रंगनाथन लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बर्विक सेअर्स यांच्या हाताखाली शिकले आणि शंभरावर ग्रंथालयं हिंडून पाहिली. तिथे त्यांना दिसलं की पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालणं हेसुद्धा गणितासारखंच विचाराचं काम आहे. सेल्फ्रिजच्या दुकानात मेकॅनो या खेळण्याचं प्रात्यक्षिक पाहताना, थोड्याच सुट्या भागांतून हवी ती रचना करता येते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि पुढे १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचं बीज तिथे पडलं. १९२५ मध्ये ते परतले आणि गणिताकडे पुन्हा वळले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं ग्रंथरूपाने मांडली. त्यातलं पहिलं, पुस्तकं वापरण्यासाठी असतात हे, त्यांना सुचवलं ते त्यांचे गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांनी.

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी कॉलेजांच्या ग्रंथालयांत रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि पाच सूत्रं सांगितली जातात. १९२४ मधल्या त्या पहिल्या काही आठवड्यांबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. खरं तर काउंटरवरच्या त्या मुलीने ऐकावा तो भाग हाच आहे. भारताने ज्यांना ग्रंथालयशास्त्राचे जनक मानलं त्यांनाही 'आपण चुकीच्या जागी आलो' असं वाटलं होतं, आणि ते त्यांनी वरिष्ठांना जाऊन सांगितलं होतं.

पण या गोष्टीतून 'त्यांनी चिकाटी धरली, तूही धर' एवढाच बोध काढला, तर तो अपुरा आहे. रंगनाथन यांची शंका फिटली, कारण त्यांना शिकायला पाठवलं गेलं, परतीची वाट खुली ठेवली गेली, आणि परतल्यावर जे शिकले ते अमलात आणण्याचा अधिकार त्यांच्या पदाला होता. आपल्याला जे मिळालं ते खालच्यांना मिळावं, याचीही तजवीज त्यांनी केली. मद्रास ग्रंथालय संघामार्फत १९२९ मध्ये त्यांनी ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. दोन वर्षांनी तो विद्यापीठाने चालवायला घेतला. त्याआधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी हेच ओळखलं होतं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथालयातल्या माणसांसाठी शिक्षणवर्ग उघडला. ग्रंथालयाचं काम शिकावं लागतं, आणि ते करणाऱ्याला शिकवावं लागतं, ही समज या देशात शंभर वर्षांहून जुनी आहे.

दर्जाचा प्रश्न पुढे रंगनाथन यांच्याच हातून सरकारदरबारी पोचला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. १९५९ च्या अहवालात समितीने म्हटलं, की विद्यापीठ आणि महाविद्यालयांतल्या ग्रंथालय व्यावसायिकांचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीने असावं. आज ग्रंथपालाला सहायक प्राध्यापकाची श्रेणी मिळते, त्याचं मूळ तिथे आहे. ही लढाई मोठी होती आणि तिचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण तिचा लाभ एका पदापाशी थांबला. महाविद्यालयात ग्रंथालयाचं शास्त्र शिकून आलेली माणसं ग्रंथपालाच्या खालीही आहेत, हे नियमांनी हवं तेवढं पाहिलं नाही.

खालून वर जाण्याचा रस्ता असला तर काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. कवी म्हणून जगाला माहीत असलेले फिलिप लार्किन आयुष्यभर ग्रंथपाल होते. १९४३ मध्ये ऑक्सफर्डहून इंग्रजीची पहिल्या वर्गातली पदवी घेऊन ते वेलिंग्टन नावाच्या छोट्या गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात लागले. तिथे ते एकटेच. पुस्तकं देण्याघेण्यापासून बॉयलर पेटवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. नोकरी करत त्यांनी पत्रद्वारा ग्रंथालय व्यवसायाची परीक्षा दिली. १९४६ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सहायक ग्रंथपाल, १९५० मध्ये बेलफास्टच्या विद्यापीठात उपग्रंथपाल, १९५५ मध्ये हल विद्यापीठाचे ग्रंथपाल; आणि १९८५ मध्ये निधन झालं तेव्हाही ते त्याच पदावर होते. बॉयलर पेटवणारा माणूस विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, कारण मधली प्रत्येक पायरी जागेवर होती आणि पत्रद्वारा मिळवलेल्या शिक्षणाला किंमत होती.

पत्रद्वारा शिकण्याची सोय महाराष्ट्रात आहे, आणि तिचा उपयोग कोकणातल्या मुलींनी मनापासून केला आहे. त्यामागे या जिल्ह्याचाच एक जुना धागा सापडतो. खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरुडमध्ये वाढलेले धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. तेच पुढे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झालं आणि १९६१ मध्ये तिथे ग्रंथालयशास्त्राचं विद्यालय सुरू झालं. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आलं आणि ज्यांना मुंबई गाठता येत नव्हती त्यांनाही वाट मिळाली. संध्याकाळच्या एसटीत वर्गीकरणाचे तक्ते पाठ करणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी प्रात्यक्षिकं करणाऱ्या आणि घरची भातलावणी सांभाळून परीक्षेला बसणाऱ्या मुली या वाटेने आल्या. पदवी हातात आली. तिच्यामुळे चढता येईल अशी पायरी मात्र कॉलेजात नव्हती. अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकेतर पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. कोणी निवृत्त झालं की ती जागा मानधनावर चालवली जाते. विनाअनुदानित ठिकाणी तर मूळ पदच संस्थेच्या मर्जीवर. शिक्षण वाढलं आणि जागा आटल्या, अशा कोंडीत ही पिढी सापडली आहे.

इथे कोणी शंकर गणेश दाते यांचं नाव काढील. 'पद नसताना त्यांनी केवढं काम केलं!' खरं आहे. सूचिकार दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये सिद्ध केली आणि १९३८ ते १९५० या काळाची १९६१ मध्ये. ग्रंथालयं पालथी घालून, पुस्तक प्रत्यक्ष पाहून, त्याची शास्त्रशुद्ध नोंद करून आणि वर्गवारी लावून, मराठीत काय काय छापलं गेलं याचा हिशेब त्यांनी जवळजवळ एकहाती मांडला. आजही एकोणिसाव्या शतकातलं पुस्तक शोधणारा विद्यार्थी आला, की ग्रंथपाल त्याला आधी दात्यांची सूची दाखवतो. मराठी विद्वत्तेच्या पायाशी असलेल्या मोजक्या ग्रंथांत तिची गणना होते.

पण दात्यांचा दाखला मानधनावर राबवण्यासाठी वापरला जाऊ नये. एका माणसाने पदरचं आयुष्य घालून जे केलं, ते त्याचं मोठेपण. तसं आयुष्य घालावं लागू नये, ही समाजाची जबाबदारी. दात्यांच्या कामातून उलट दुसरीच गोष्ट सिद्ध होते: ग्रंथालयातलं सर्वांत मोलाचं ज्ञान पदाच्या पाटीबरोबर येत नाही, ते पुस्तकं हातात घेऊन मिळवलेलं असतं. ज्या ड्युईच्या आकड्यांवर आपली कपाटं उभी आहेत, ती पद्धत मेल्विल ड्युईला सुचली तेव्हा तो अॅमहर्स्ट कॉलेजात शिकणारा आणि तिथल्याच ग्रंथालयात मदतनीस म्हणून काम करणारा मुलगा होता. १८७६ मध्ये ती छापली गेली. त्या मदतनिसाचं म्हणणं कॉलेजने ऐकून घेतलं, हे विसरता येत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काउंटरचं रूप पालटलं. कार्डांची कपाटं कोपऱ्यात गेली. ग्रंथालयाच्या कामासाठी इन्फ्लिबनेटचं सोल हे सॉफ्टवेअर आलं, काही ठिकाणी कोहा आलं, पुस्तकांवर बारकोड आले. एन-लिस्टमुळे रत्नागिरीतल्या विद्यार्थ्यालाही हजारो नियतकालिकं पडद्यावर दिसू लागली, शोधगंगेवर देशभरातले प्रबंध वाचता येऊ लागले. या बदलाने एक नवी भीती आणली: आता पुस्तक द्यायला माणूस कशाला? कोणी तसं बोलून दाखवत नाही, पण मागणीपत्रात पद मागताना ती आडवी येते. प्रत्यक्षात काम कमी झालेलं नाही. जुन्या पुस्तकांची नोंद संगणकात चढवताना दाखल नोंदवहीतलं हस्ताक्षर वाचता येणारं कोणीतरी लागलं. एन-लिस्टचं खातं उघडून देणं, परवलीचा शब्द विसरलेल्याला तो मिळवून देणं, हव्या त्या लेखापर्यंत पोचवणं ही कामं काउंटरवर आली, आणि ती शिकून घेणाऱ्यांत त्या लिपिक मुलीच पुढे होत्या. बदललेल्या कामाची दखल त्यांच्या पदनामात किंवा वेतनात कुठे दिसते, हे शोधावं लागेल.

माहीतगार माणसाची गरज किती असते, हे चिपळूणने दोनदा पाहिलं. २००५ च्या पुरात आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या जुन्या ग्रंथसंपदेचं मोठं नुकसान झालं. असं संकट आलं की सगळ्यांत आधी लागते ती यादी, आणि यादी डोक्यात असलेला माणूस. चिखलात भिजलेल्या हजारो पुस्तकांमधलं कुठलं बाजारात पुन्हा मिळेल आणि कुठल्याची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल, हे काही तासांत ठरवावं लागतं. उशीर झाला की पानं चिकटतात, बुरशी धरते. त्या वेळी वेतनश्रेणी विचारून कोणी कामाला हात घालत नाही. कोणाला काय माहीत आहे, एवढंच महत्त्वाचं ठरतं. संकटात जे ओळखता येतं ते एरवीच्या दिवसांतही ओळखायला हवं, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

पदांची उतरंड मुळातच वाईट, असा याचा अर्थ नाही. मोठ्या ग्रंथालयात कोणीतरी निर्णय घ्यायला लागतो, खरेदीची जबाबदारी कोणाच्या तरी सहीची असावी लागते, आणि ग्रंथपालाने मिळवलेली पात्रता कष्टाची असते. नेट-सेटचा अभ्यास करून त्या खोलीत बसलेल्यांना कमी लेखून काउंटरवरच्यांना न्याय मिळणार नाही. उलट अनेक ग्रंथपाल स्वतःच या कोंडीत आहेत. चार माणसांचं काम दोघांवर आलं की ग्रंथपालही काउंटरवर उभा राहतो, आणि मग वाचकांसाठी सूची करणं, नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय शिकवणं, संशोधकाबरोबर बसणं ही त्याची खरी कामं मागे पडतात. खालच्या जागा रिकाम्या ठेवल्या की वरच्या पदाचीही किंमत उतरते. प्राध्यापकांच्या बरोबरीचा मान हवा असेल, तर प्राध्यापकांच्या बरोबरीचं काम करायला मोकळीक हवी, आणि ती मोकळीक खाली पुरेशी माणसं असल्याशिवाय मिळत नाही.

म्हणून मागण्या साध्याच आहेत. रिकामी शिक्षकेतर पदं भरली जावीत. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या लिपिकाला सहायक ग्रंथपाल होण्याचा आणि पदव्युत्तर पदवी व सेट मिळवलेल्या सहायकाला ग्रंथपालाच्या निवडीत सेवेची वर्षं मोजून घेण्याचा रस्ता नियमात लिहिला जावा. परिचराला शिकायचं असेल, तर अर्ध्या दिवसाची सवलत आणि परीक्षेची रजा मिळावी. ग्रंथालय समितीच्या बैठकीत काउंटरवरचा एक माणूस बसावा, कारण कुठलं पुस्तक कोणी आणि का मागितलं हे त्यालाच ठाऊक असतं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना शासनाच्या मंजुरीची वाट पाहायचीही गरज नाही. प्राचार्य आणि ग्रंथपाल यांनी ठरवलं, तर त्या येत्या जूनपासून होऊ शकतात.

१९५९ च्या अहवालाने ग्रंथपालाचा प्रश्न देशासमोर ठेवला आणि तो बऱ्याच अंशी सुटला. त्याच्या खालच्या माणसांचा प्रश्न तेव्हापासून बाकी आहे. पुढचं वेतन आणि सेवाशर्तींचं काम जे कोणी हाती घेतील, त्यांनी सुरुवात तिथून करावी.